जळणाऱ्या जमिनीच्या देशात

दोस्तांनो, जमीन जळते का हो? तुम्ही म्हणाल, "काहीतरीच काय! मातीची तर चूल करतात. मातीच जळायला लागली तर स्वयंपाक कशावर करायचा?" बरोबर आहे तुमचं. पण युरोपच्या अगदी पश्चिम टोकाला आयर्लंड नावाचा एक छोटासा हिरवागार देश आहे. तिथले लोक शेकडो वर्षं जमीनच विटांसारखी कापत आले, उन्हावाऱ्यात वाळवत आले आणि थंडीत घरच्या चुलीत जाळत आले.

भूगोलाच्या पुस्तकात कोळशाचे प्रकार वाचलेत ना? अँथ्रासाइट, बिट्युमिनस, लिग्नाइट आणि परीक्षेत हमखास विसरायला होणारा चौथा, पीट. आयर्लंडची ही जळणारी जमीन म्हणजेच तो पीट. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा-तपकिरी थर. लाखो वर्षं जमिनीखाली दडपून राहिला असता तर त्याचा कोळसा झाला असता. ज्या दलदलीत तो तयार होतो तिला तिथं 'बॉग' म्हणतात. हा शब्द मूळचा आयरिश भाषेतलाच, त्याचा अर्थ 'मऊ'. आणि जाळण्यासाठी कापलेल्या पीटच्या विटांना म्हणतात 'टर्फ'.

आता मात्र तिथल्या कितीतरी बॉगवर टर्फ कापायला कायद्यानं मनाई आहे. त्यावरून देशात मोठा वाद झाला, अजून तो पुरता मिटलेला नाही. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकलं की आपल्याला दोघांचंही पटायला लागतं! चला तर, आधी ती जमीन पाहू, मग भांडण ऐकू.

दुधापेक्षा पातळ जमीन

डब्लिन ही आयर्लंडची राजधानी. तिथून पश्चिमेकडे गॉलवे शहराला जाणाऱ्या रेल्वेत बसलात की वाटेत, देशाच्या साधारण मध्यावर, ऑफली जिल्ह्यात क्लारा नावाचं छोटं गाव लागतं. गावाच्या वाचनालयाच्या इमारतीतच बॉगची माहिती देणारं केंद्र आहे. तिथून थोडं पुढं गेलं की क्लाराचा प्रसिद्ध बॉग. १९८७ पासून तो राखीव निसर्गक्षेत्र आहे.

बॉगवर चालण्यासाठी फळ्यांची वाट केलेली आहे. ती सोडून खाली उतरायचं नाही बरं का! कारण ही जमीन दिसायला जमीन असली तरी तिच्यात दर शंभर भागांत नव्वदच्या वर भाग पाणीच असतं. आपल्या गाईच्या दुधात सुमारे ८७ भाग पाणी असतं. म्हणजे बॉग दुधापेक्षाही पातळ! जोरात उडी मारली तर आजूबाजूची जमीन जेलीसारखी थुलथुलते.

एवढं पाणी धरून कोण ठेवतं? स्फॅग्नम नावाचं एक शेवाळ. हिरवं, पिवळट, लालसर अशा रंगांचा त्याचा गालिचा सगळीकडे पसरलेला असतो. हे शेवाळ स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणीसुद्धा शोषून घेऊ शकतं. मूठभर उचलून पिळलं तर स्पंज पिळावा तसं पाणी गळतं. त्याच्या मधेमधे पांढऱ्या बोंडांचं कापूसगवत डोलत असतं. आणि खाली वाकून नीट पाहिलंत तर एक ओळखीचा चेहरा दिसेल. लाल केसांच्या टोकांवर चिकट थेंब चमकवणारं, किडे पकडून खाणारं ड्रॉसेरा! साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर आपण ज्याला 'दवबिंदू' म्हणतो, त्याच घराण्यातली ही वनस्पती. कासचा कातळ काय किंवा आयर्लंडचा बॉग काय, जमिनीत अन्न कमी म्हणून बिचारीला दोन्हीकडे किड्यांवर गुजराण करावी लागते.

हा बॉग बनला कसा? सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी हिमयुग संपलं. बर्फ वितळून आयर्लंडच्या मध्यभागी उथळ तळी साचली. काठावरचं गवत आणि लव्हाळे मरून तळ्यात पडत गेले. पाण्याखाली हवा नाही, त्यामुळे ते पुरते कुजेनात. थरावर थर साचून तळं भरून आलं. मग वर स्फॅग्नम आलं. त्यानं पाणी आंबट केलं, तेव्हा तर कुजणं जवळजवळ थांबलंच. खालचं शेवाळ मरायचं, वरचं वाढायचं. असं होता होता जमीन मध्यभागी घुमटासारखी फुगून वर आली. म्हणून अशा बॉगला फुगीर बॉग म्हणतात. त्याची खोली काही ठिकाणी दहा मीटरच्याही पुढे जाते. म्हणजे तीन मजली इमारत आरामात बुडेल!

आणि वाढीचा वेग किती? वर्षाला साधारण एक मिलिमीटर. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. तेव्हापासून आजपर्यंत साडेतीनशे वर्षांत बॉग वाढला असेल जेमतेम ३५ सेंटीमीटर. तुमच्या दप्तरातल्या फूटपट्टीपेक्षा थोडा जास्त. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बॉगचं पोट म्हणजे संग्रहालय

जिथं काही कुजत नाही तिथं काय काय टिकून राहत असेल? लाँगफर्ड जिल्ह्यात कॉरली इथं पीट काढताना ओकच्या फळ्यांचा एक अख्खा रस्ता सापडला. लाकडातली वर्षकडी मोजून शास्त्रज्ञांनी त्याचं वय काढलं. त्यासाठी झाडं तोडली होती इसवीसनापूर्वी १४८ च्या सुमारास! आपल्याकडे भाज्याची लेणी कोरली गेली त्याच शतकातली ही गोष्ट. रस्त्याचा १८ मीटरचा तुकडा आज तिथं खास इमारतीत, हवेतला दमटपणा सांभाळून जपून ठेवला आहे.

२००६ साली टिपररी जिल्ह्यात फॅडन मोर इथल्या बॉगमध्ये यंत्र चालवणाऱ्या एका माणसाला चिखलात काहीतरी दिसलं. ते होतं वासराच्या कातड्याच्या पानांवर हातानं लिहिलेलं प्रार्थनेचं पुस्तक, सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचं. त्याच्या चामडी वेष्टणाच्या आत इजिप्तमधल्या पपायरसचं अस्तर निघालं. कुठं इजिप्त आणि कुठं आयर्लंड! आज ते पुस्तक डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच संग्रहालयात बॉगमध्ये पुरून ठेवलेलं शेकडो वर्षांपूर्वीचं लोणीसुद्धा पाहायला मिळतं. खायला मात्र मिळत नाही!

टर्फचा दिवस

आता बॉगच्या दुसऱ्या बाजूला येऊ या. ज्यांची चूल बॉगवर पेटते त्यांच्याकडे.

आयर्लंडमध्ये पूर्वी जंगलं होती, पण तीन-चारशे वर्षांपूर्वीच ती बहुतेक तोडून संपली. कोळशाच्या खाणी म्हणाव्या तशा नाहीत. हवा तर अशी की जून महिन्यातही स्वेटर काढायला जीव होत नाही. मग गरिबानं करायचं काय? त्याच्या दाराशी होता बॉग. दुसऱ्याच्या मालकीच्या बॉगमधूनही आपल्या घरापुरतं जळण कापायचा हक्क अनेक कुटुंबांना मिळालेला असे. त्याला टर्बरीचा हक्क म्हणतात. शेत जसं आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलाकडे येतं, तसाच हा हक्क आणि बॉगमधला ठरलेला पट्टा पुढच्या पिढीकडे येतो.

वसंत ऋतूत, एप्रिल-मे महिन्यांत, कापणी सुरू व्हायची. त्यासाठी 'स्लान' नावाचं खास फावडं असतं. त्याच्या पात्याला बाजूला एक पंख असतो, त्यामुळे एका दाबात विटेसारखा तुकडा कापून निघतो. एकानं कापायचं, दुसऱ्यानं झेलायचं, तिसऱ्यानं पसरायचं. शेजारीपाजारी एकमेकांच्या पट्ट्यावर कामाला जायचे. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. या पद्धतीला आयरिश भाषेत 'मेहल' म्हणतात. आपल्या खेड्यांत जिला इर्जिक म्हणतात ना, अगदी तीच ही रीत!

थोडं वाळलं की पाच-सहा विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, म्हणजे मधून वारा खेळतो. हे काम बहुतेक वेळा मुलांकडे. पाठ मोडून यायची, छोटे छोटे किडे चावून बेजार करायचे. पण दुपारी बॉगवरच किटली चढायची आणि तिथल्या चहाची चव घरच्या चहाला नसते, असं आजही तिकडची म्हातारी माणसं सांगतात. उन्हाळा संपता संपता वाळलेला टर्फ गाडीत भरून घरी आणायचा आणि भिंतीला लावून रचून ठेवायचा. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी गोवऱ्यांचा हुडवा रचतात तसा.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधून येणारा कोळसा जवळजवळ बंद झाला, तेव्हा याच टर्फनं देश तारला. डब्लिनच्या फिनिक्स पार्क या भल्यामोठ्या बागेतल्या रस्त्याच्या कडेनं टर्फचे डोंगर रचून ठेवले होते. पुढे १९४६ साली 'बोर्ड ना मोना' ही सरकारी कंपनी निघाली. तिनं मोठमोठ्या यंत्रांनी अख्खेच्या अख्खे बॉग खरवडले आणि ते पीट जाळून वीज तयार होऊ लागली. हजारो लोकांना रोजगार मिळाला. म्हणूनच तिथल्या माणसाला टर्फ म्हणजे फक्त जळण वाटत नाही. त्याला त्यात आजोबांचे हात आठवतात. २०१६ च्या जनगणनेत एकट्या ऑफली जिल्ह्यात एक तृतीयांशाहून जास्त घरं उबेसाठी पीटवरच अवलंबून होती.

कडेचा एक तुकडा कापला तर?

आता तुम्ही विचाराल, "मग मनाई कशाला? बॉग एवढा मोठा, त्याच्या कडेचा एवढासा तुकडा कापला तर काय बिघडलं?"

इथंच खरी मेख आहे. बॉग म्हणजे पाण्यानं भरलेला एक प्रचंड स्पंज. स्पंजचा कोपरा कापला तर पाणी तेवढ्याच कोपऱ्यातून जातं का? नाही, आतलंही झिरपून बाहेर येतं. टर्फ कापायचा म्हणजे आधी चर खणून पाणी काढावं लागतं. कडेला चर पडले की आतला घुमट हळूहळू सुकतो, खचतो, त्याला भेगा पडतात. क्लाराच्या दक्षिण कडेला आसपासच्या लोकांनी टर्फ कापला, तर न कापलेला आतला भागही खाली बसला. याच बॉगच्या मधून पूर्वी एक रस्ता नेला होता. त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन काही मीटर खाली गेली आहे. म्हणजे ज्याला कुणी हातही लावला नाही, तो भागसुद्धा आजारी पडतो.

शिवाय हिशेब करा. एक वीट तीस सेंटीमीटर जाडीच्या थरातून निघाली, तर तो थर साचायला तीनशे वर्षं लागली. आणि ती जळून राख व्हायला? एक संध्याकाळ पुरे!

बॉग सुकला की आणखी एक गोष्ट होते. हजारो वर्षं शेवाळात अडकून पडलेला कार्बन हवेत निसटतो आणि पृथ्वीचं तापमान वाढवायला हातभार लावतो. जगाच्या जमिनीपैकी फक्त तीन टक्के जमीन पीटची आहे, पण जगातल्या सगळ्या जंगलांत मिळून जेवढा कार्बन आहे त्यापेक्षा जास्त कार्बन तिच्यात साठलेला आहे. आयर्लंडच्या फुगीर बॉगपैकी जिवंत, म्हणजे अजून वाढणारा भाग उरला आहे जेमतेम एक टक्का!

कायदा आला, भांडण आलं

१९९२ साली युरोपातल्या देशांनी मिळून एक कायदा केला. दुर्मिळ प्राणी, वनस्पती आणि त्यांची राहण्याची ठिकाणं प्रत्येक देशानं राखलीच पाहिजेत, असा. त्याप्रमाणे आयर्लंडनं ५३ फुगीर बॉग निवडून संरक्षित केले. पण लगेच चुली कशा विझवायच्या? म्हणून १९९९ मध्ये तिथल्या सरकारनं घरापुरता टर्फ कापणाऱ्यांना दहा वर्षांची सवलत दिली. दहा वर्षं म्हटलं की सगळ्यांनाच वाटतं, बघू पुढचं पुढे! ती वर्षं बघता बघता सरली आणि २०१० व २०११ मध्ये या ५३ बॉगवर कापणी बंद करायला सांगण्यात आलं.

झालं! गावागावांत संताप उसळला. "सरकारी कंपनीनं यंत्रं लावून अख्खे बॉग खाल्ले, तेव्हा कायदा कुठं होता? आम्ही आमच्या घरापुरतं कापतो तर आम्हीच गुन्हेगार?" असं लोक विचारू लागले. त्यांनी संघटना बांधली. तिचे एक पुढारी ल्यूक फ्लॅनगन २०११ मध्ये आयर्लंडच्या संसदेत आणि २०१४ मध्ये युरोपच्या संसदेत निवडून गेले. मनाई मोडून काहींनी कापणी चालूच ठेवली. काही ठिकाणी टर्फवाले आणि पोलीस समोरासमोर उभे राहिले.

सरकारनं मग भरपाईचे मार्ग काढले. ज्याचा हक्क गेला त्यानं पंधरा वर्षं दरवर्षी १,५०० युरो घ्यावेत, किंवा संरक्षित नसलेल्या दुसऱ्या बॉगवर पट्टा घ्यावा. तो पट्टा तयार होईपर्यंत वर्षाला पंधरा टन टर्फ घरपोच मिळेल. पुष्कळ लोकांनी हे मान्य केलं. पण दुसरा बॉग जवळ हवा, तिथला टर्फ चांगला हवा, गाडी जायला रस्ता हवा. सगळीकडे हे जमेना. आणि काहींचं म्हणणं असं, की आजोबांच्या पट्ट्याची किंमत पैशात होतच नाही.

पुढे काळ बदलला. पीट जाळून वीज करणं बंद झालं. बोर्ड ना मोनानं २०२१ मध्ये पीट काढण्याचं काम कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस धुराबद्दलचे नवे नियम आले. त्यांनुसार टर्फ दुकानात किंवा जाहिरात देऊन विकता येत नाही. मात्र ज्याला हक्क आहे त्यानं संरक्षित नसलेल्या बॉगवरून घरापुरता कापायला आणि जाळायला आडकाठी नाही. तरीही संरक्षित बॉगवरची कापणी पूर्ण थांबली नाही. म्हणून मार्च २०२४ मध्ये युरोपीय आयोगानं आयर्लंडला युरोपच्या न्यायालयात खेचण्याचा निर्णय घेतला. आपल्याच घरातल्या भांडणासाठी देशाला बाहेरच्या न्यायाधीशापुढे उभं राहायची वेळ!

चर बुजवणारे हात

पण सगळं चित्र काही उदास नाही. नेदरलँड्समधल्या लोकांची गोष्ट ऐका. त्यांच्या देशातले बॉग पूर्वीच कापून संपले होते. आयर्लंडचंही तसंच होऊ नये म्हणून १९८० च्या दशकात माथेइस स्खाउटेन या डच अभ्यासकाच्या पुढाकारानं तिथल्या लोकांनी पैसे जमवले, आयर्लंडमधले काही बॉग विकत घेतले आणि जपण्यासाठी आयर्लंडच्या सरकारला भेट देऊन टाकले! आपलं गेलं ते गेलं, निदान तुमचं तरी राहू द्या, अशी ती भेट.

आता आयर्लंडमध्ये चर बुजवायची कामं चालू आहेत. पीटचेच बांध घालून पाणी अडवायचं आणि वाट पाहायची. पाणी वर आलं की स्फॅग्नम परत येतं. २०१६ मध्ये सुरू झालेल्या एका प्रकल्पात बारा बॉगवर असं काम झालं. बोर्ड ना मोनाही आपल्या खरवडलेल्या जमिनींपैकी सुमारे ३३ हजार हेक्टरांवर हेच करते आहे. पूर्वी ज्यांनी यंत्रांनी पीट काढलं, त्यांतलेच कितीतरी कामगार आता चर बुजवतात. त्या जमिनीची नस अन् नस त्यांना ठाऊक आहे, मग त्यांच्याइतकं चांगलं हे काम दुसरं कोण करणार?

तर मुलांनो, तुम्ही न्यायाधीश असता तर काय निकाल दिला असता? "आजीची चूल पेटती राहू दे," असं म्हणाला असतात, की "दहा हजार वर्षांचा बॉग राहू दे," असं? घाई करू नका. कापू नका असं सांगणं सोपं असतं. पण ज्याला सांगायचं त्याच्या घरात दुसरी ऊब कुठून येणार, हे सांगितलं नाही तर तो नियम कागदावरच राहतो. आणि उलट बाजूही तितकीच खरी. माझा एवढासाच तुकडा, असं प्रत्येकजण म्हणत राहिला तर घुमट खचतो, आणि मग कुणाच्याच नातवंडांसाठी काही उरत नाही.

आपल्याकडेही अभयारण्यांच्या कडेला सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन चाललेल्या बायका दिसतात. पुढच्या वेळी तशी एखादी मावशी दिसली, की 'जंगलतोड करते' किंवा 'बिचारी' एवढंच म्हणून पुढे जाऊ नका. तिची चूल आणि ते जंगल, दोन्ही कसं टिकेल याचा विचार करा. आज रात्री जेवताना आईबाबांशी यावर वाद घालून पाहा. आधी एक बाजू तुम्ही घ्या, मग अदलाबदल करा. दुसऱ्याची बाजू मांडताना सुचलेले मुद्दे वहीत लिहून ठेवायला मात्र विसरू नका हं!